अकरा मागितल्या, तेरा आल्या

मी गिटार बोलतेय. भिसेगावातल्या साईनाथच्या घरातली. माझ्या पोटावर एक जखमेची रेघ आहे, तिच्यावर हात फिरवून बायका विचारतात, "हे काय गं झालं?" तेच सांगायला बसलेय. वडीलधाऱ्यांविषयी चार शब्द वाकडे जातील. जाऊ देत. मी लाकूड आहे, मला कुणाच्या पाया पडायचं नाही.

माझा जन्म कोलकात्याचा. उंची लाकूड वगैरे काही नाही, पाठ साध्या प्लायची. कारागिरानं सरस लावला, चेपून ठेवली आणि दुसरीला हात घातला. माझ्यासारख्या त्या दिवशी अकराजणी तरी झाल्या असतील. बारसं कुणाचंच नाही.

पहिला मालक योगेंद्र. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, साईनाथच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. चार वर्षांत तीन कॉर्ड शिकला आणि त्या तीनच कॉर्ड चार मुलींना ऐकवल्या. एकदाही तारा बदलल्या नाहीत. त्या गंजून काळ्या पडल्या तेव्हा म्हणायचा, "विंटेज साउंड आहे." खोली सोडताना मला विसरून गेला. बादली न्यायला मात्र विसरला नाही.

साईनाथनं मला पोटमाळ्यावर टाकलं. त्याआधी पकडीनं माझ्या तारा कापल्या आणि पोटाच्या भोकातून गणपतीच्या लाइटच्या माळा आत कोंबल्या. सहा वर्षं मी माळांची पिशवी होते. वर पत्रा, एप्रिल-मेमध्ये तापून नुसता तवा. त्या तापानं माझा सरस सुकत गेला. बाहेरून काही दिसत नव्हतं. बाहेरून दिसत नाही म्हणजे काही झालेलं नाही, असं मानणाऱ्या घरात मी होते.

मला खाली काढलं समिधानं, साईनाथच्या मुलीनं. त्या वर्षी तिनं कॉलेज सोडलं होतं. नापास झाली नव्हती, नुसती सोडून आली. घरात बैठक बसली. विनिताआत्या खास खालापूरहून आली. चहाचे दोन कप झाल्यावर म्हणाली, "आमच्या टायमाला शिकायला मिळत नव्हतं गं, आणि तुला मिळतंय तर खाज सुटली." खरी गोष्ट अशी की आत्याला तिच्या टायमाला शाळेत घातलं होतं आणि तिनं पाचवीत स्वतःच दप्तर विहिरीत टाकलं होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. समिधा उठली, माळा काढायच्या निमित्तानं पोटमाळ्यावर चढली आणि मला घेऊनच उतरली.

मोबाइलवर बघून शिकली. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. आई म्हणाली, "आता कोण बघायला येणार हिचे हात?" समिधा म्हणाली, "हातच बघायला येणाऱ्याला चहा पण देऊ नको."

तारांच्या बाबतीत तिच्याएवढं डोकं माझ्यापुढे कुणी चालवलं नव्हतं. वर्षभरात तिनं मला चार तऱ्हेच्या तारा लावून पाहिल्या. प्रत्येक वेळी तेच एक गाणं गात वाजवायची, आणि कॉलेजच्या कोऱ्या जर्नलच्या मागे लिहायची. पहिल्या पिवळ्या ब्राँझच्या तारा : "दोन आठवडे झकास, मग मेल्या." दुसऱ्या बाराच्या : "आवाज मोठा, पण गिटार कण्हते." हे तिला कळलं याचं मला नवल वाटलं, कारण मी खरंच कण्हत होते. तिसऱ्या स्वस्त निघाल्या, सूर धरेनात. चौथ्या फॉस्फर ब्राँझच्या, अकराच्या. त्यांच्यापुढे तिनं फक्त लिहिलं, "याच."

अकरा म्हणजे काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं तिथंच अडकलंय. गिटारच्या तारांचा सेट सगळ्यात बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात. दहा सगळ्यात हलका, अकरा त्याहून जाड, बारा त्याहून जाड, तेरा तर दोरखंड. आकडा जितका मोठा, तार तितकी जाड, आणि ती ताणली की माझ्या पोटावर ओढ तितकी जास्त.

माथेरानच्या एका हॉटेलला शनिवार-रविवारी संध्याकाळी पाहुण्यांपुढे वाजवणारं कुणीतरी हवं होतं. मॅनेजर जितेशनं समिधाला शनिवारी चारला बोलावलं. साईनाथनं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"जमलं तर ठीक. नाय जमलं, तर एक तारखेपासनं आमच्या पॅकिंग खात्यात यायचं. मी सायबाशी बोललोय."

"मला न विचारता?"

"बापानं इचारायचं असतं काय गं?"

साईनाथ खोपोलीच्या तारेच्या कारखान्यात सव्वीस वर्षं होता. हे वाक्य तो दिवसातून सहादा म्हणायचा. भाजी चिरतानाही म्हणायचा.

गुरुवारी सूर लावताना माझी पहिली तार तुटली. जवळ दुसरा सेट नव्हता. साईनाथ सुट्टीवर होता, पनवेलला निघाला होता. समिधानं त्याच्या हातात रिकामं पाकीट दिलं.

"बाबा, हाच सेट. अकराचा. अकराच."

"तारेतलं तू मला शिकवू नको."

संध्याकाळी समिधा आईबरोबर दवाखान्यात गेली होती, तेव्हा तो परत आला. तिला खूश करावं म्हणून त्यानं स्वतःच माझ्या तारा बदलायला घेतल्या. हे मी मान्य करते. त्याला तिचं भलंच करायचं होतं. भलं करायला निघालेल्या माणसाला थांबवता येत नाही, हीच त्याची अडचण असते.

बायको-मुलगी आल्यावर ऐटीत सांगायला लागला, "दुकानातलं पोरगं अकराच देत होतं. मी म्हटलं, ह्याच्यापेक्षा बारीक दे, पोरीची बोटं सोलतात. तेरा घेतली. ते म्हणतं, काका, तेरा जाड असते. मी म्हटलं, सव्वीस वर्षं तार ओढतोय, मला सांगतोस?"

त्याच्या कारखान्यात नंबर उलटा चालतो. तार जितक्या वेळा साच्यातून ओढावी तितकी ती बारीक होते आणि नंबर वाढत जातो. आठ नंबर जाड, सोळा नंबर बारीक. तिथं तेरा ही अकरापेक्षा बारीकच. आयुष्यभर जो आकडा खरा ठरला, तो दुसऱ्या दुकानात खोटा असू शकेल हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

पण एक सांगते, त्याच्या बोटांना कळलं होतं. पहिली तार खुंटीत घालताना त्याचा अंगठा तिच्यावर दोनदा थांबला. सव्वीस वर्षांचा अंगठा होता तो. साईनाथनं अंगठ्याचं ऐकलं नाही. आकड्याचं ऐकलं.

"बाबा, तेरा?" समिधाचा चेहरा उतरला. "अहो, ती जाड असते."

"परत तेच! वाजवून तर बघ."

तिनं वाजवलं. आवाज दणदणीत आला. साईनाथनं बायकोकडे पाहिलं, जणू मला त्यानंच जन्माला घातलं. समिधाला अकराच्या सेटसाठी दुकानं धुंडाळायची होती, पण शुक्रवारचा दिवस आईच्या तपासण्यांत गेला. मी पोटातल्या पोटात ताणले जात होते. सरस सुकलेला होता, ते कुणाला माहीत होतं?

माथेरानात गाड्या जात नाहीत, म्हणून शनिवारी दस्तुरी नाक्याला गाडी सोडली आणि समिधा मला पाठीवर टाकून लाल मातीतून चालत गेली. हॉटेलच्या हॉलमध्ये जितेश, दोन वेटर आणि चहा पिणारं एक कुटुंब. पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर फाट्‌कन आवाज आला. तारा जिथं अडकवतात ती लाकडी पट्टी माझ्या पोटावरून सालीसकट उपटून निघाली. तारा लोंबल्या. चहा पिणाऱ्यांचं बाळ रडायला लागलं.

समिधा रडली नाही. तिनं पट्टी उचलून खिशात घातली.

जितेश म्हणाला, "गाता बरं तुम्ही. पुढच्या शनिवारी या. पण वाजणारी घेऊन या."

दहिवलीत झुहेबचाचांचं फर्निचरचं दुकान. भजनी मंडळांच्या पेट्या तेच दुरुस्त करतात. त्यांनी मला उताणं केलं, आतून टॉर्च मारला आणि विचारलं, "ह्या तारा कुणी बसवल्या गं?"

साईनाथ दारात उभा होता. म्हणाला, "मी. का?"

"मोजल्या का?"

साईनाथ घरी गेला आणि कारखान्यातलं जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला. चाचांना खोटं पाडायला आणलं होतं. नवी तार मोजली : शून्य पॉइंट तेहतीस मिलिमीटर. समिधानं जर्नलमध्ये चिकटवून ठेवलेला अकराच्या तुटक्या तारेचा तुकडा पुढे केला. शून्य पॉइंट अठ्ठावीस. त्यानं परत मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं.

शेवटी म्हणाला, "मग ह्या लोकांनी नंबर उलटे लावलेत. चूक त्यांची हाय."

झुहेबचाचा इतके हसले की त्यांच्या कानामागची पेन्सिल पडली. समिधा हसली नाही.

चाचांनी पट्टी चिकटवली, शिकंजे लावले, चार दिवस मला हलवू दिलं नाही. "आता हिला ओढ सोसणार नाही, बेटी. अकरा पण नको. दहा लाव."

"दहा म्हणजे शिवायचा दोरा," साईनाथ पुटपुटला. "हॉटेलात ऐकू कुणाला जाणार? मी दुसऱ्या..."

"बाबा." समिधा त्याच्याकडे वळली. "हिला हात लावायचा नाय. मी बोलावल्याशिवाय खोलीत पण यायचं नाय. शनिवारी पडले तर माझ्या तारांनी पडेन. पॅकिंगला येईन, तोंडातनं शब्द काढणार नाय. पण तारा मी लावणार."

साईनाथला घरात आजवर असं कुणी बोललं नव्हतं. तो रागवायला बाह्या सरसावेपर्यंत ती मला घेऊन निघून गेली होती.

दहाचा सेट तिनं स्वतः जाऊन आणला. आवाज खरंच लहान झाला. तिनं तक्रार केली नाही. जोरात झोडायची गाणी यादीतून काढली, बोटांनी हळूहळू खुडत वाजवायची घेतली. खुर्ची पाहुण्यांच्या जवळ ओढली. शनिवारी ती वाजवायला लागली तेव्हा पहिल्या टेबलावरचे लोक बोलायचे थांबले, मग दुसऱ्या. लहान आवाज ऐकायला माणसाला गप्प बसावं लागतं. जितेशनं दर शनिवार-रविवार दिला.

दोन महिन्यांनी साईनाथ ऐकायला आला. इस्त्रीचा शर्ट, मागचं टेबल. दोन गाण्यांच्या मधे मी शांत होते, तेव्हा त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. शेजारच्या पाहुण्याला सांगत होता, "तारा माझ्या पसंतीच्या. सव्वीस वर्षं तारेतच गेली आपली."

समिधानं मान वर केली. "बाबा, किती नंबरच्या?"

हॉलमधले लोक मागे वळले. साईनाथनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटावरच्या रेघेकडे पाहिलं. अंगठा तर्जनीवर घासला, तार चाचपावी तसा.

"दहा," तो म्हणाला. मग पाहुण्याला, "ह्यांच्यात मोठा नंबर जाड असतो. आमच्या उलट." आणि मग, खुर्चीत सरकून, "मला काय इचारता? तिला इचारा. तिनं लावल्यात."

समिधानं पुढचं गाणं सुरू केलं.

त्यानं माफी मागितली नाही, अजूनही नाही. पॅकिंगचा विषय घरात परत निघाला नाही, एवढंच. मी आता तिच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते, पत्र्यापासून लांब. दर महिन्याला नव्या तारा, दहाच्या. ओल्या दिवसांत रेघ जराशी ओढते. टिकेन तितकी टिकेन.

तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला तार आणण्याआधी जी वाजवते तिला विचारा. ती आकडा सांगेल. तोच आणा.