बेबीनंदाचा हात

माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांमागून मी बोलतेय. मी एक थापी, भिंतीला गिलावा करायची. १९८१ साली पुंजारामनं मला जालन्याच्या बाजारातून आणलं आणि घनसावंगीतलं हे दोन खोल्यांचं घर स्वतः बांधलं. तो काही गवंडी नव्हता. भिंती अजूनही जरा पोट काढूनच उभ्या आहेत.

त्याची लेक बेबीनंदा सासरी निघाली, तेव्हा घराला नुकताच चुना दिला होता. लेकीनं जाताना हळदीचा हात भिंतीवर उमटवायचा, ही या घरची रीत. ताज्या चुन्यावर हळद तांबडी होते. "आई, बघ की, रंगलाच!" बेबीनंदा हसली होती.

वर्षभरात ती बाळंतपणात गेली. मागोमाग पुंजाराम. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, त्या हातापुढं गोधड्यांची चळत रचली, उन्हानं रंग उडू नये म्हणून. रोज गोधडी काढायच्या निमित्तानं ती तिथं तळवा टेकवायची. त्या हाताबद्दल बोलायची कुणाशीच नाही.

मग २००७ साली शिवकन्या आली, बेबीनंदाच्या धाकट्या भावाची, वसंताची बायको. बी.ए. झालेली, गुमान राहणारी. चार महिने झाले तरी सासू तिला "ए, ऐकलं का" एवढंच म्हणायची. एकदा तरी नावानं हाक मारावी, एवढंच त्या पोरीला हवं होतं.

साळूबाई पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला गेली. तिच्या गोधड्यांना खालून ओल लागली होती. भिंत ओलावलीय, असं शिवकन्यानं वसंताला सांगितलं. तो एमआयडीसीतल्या मिलमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्याला वाटलं, मोरीची भिंत म्हणतेय; हाताची भिंत ध्यानातच आली नाही.

"नेटवर सगळं राह्यतं," म्हणत त्यानं कॅफेतून तीन इंग्रजी पानं छापून दिली आणि कामावर गेला. पानांवर हातमोजे घातलेली एक गोरी बाई हसत होती. शिवकन्या डिक्शनरी घेऊन बसली. शेवटी अर्थ लागला: डाग पडलेला गिलावा पक्का थर लागेपर्यंत खरवडा.

गोधड्या हलल्या. ओलीनं तांबडा हात पसरून नुसता डाग झाला होता. तिनं मला उचललं. मला सगळं ठाऊक होतं. पण मला तोंड कुठलं? मी खरवडत राहिले. पोपडे तिनं रस्त्यावरच्या चिखलात टाकले, वरून ट्रॅक्टर गेले. मग नवा गिलावा माझ्याकडूनच थापला; तिसऱ्या दिवशी भिंत कशी गुळगुळीत!

साळूबाई आली. सवयीनं तळवा टेकवला आणि तसाच राहिला.

"माझ्या बेबीचा हात कुठंय?"

तेव्हा शिवकन्याला कळलं, तो डाग म्हणजे काय होतं. मग ती आत धावली, हळद कालवून आली आणि आपला हात भिंतीकडं नेला. साळूबाईनं मनगट धरलं.

"न्हाई, शिवकन्या. तुझा हात तुझ्या आईच्या भिंतीवर शोभल."

हवी ती हाक मिळाली. ती अशी.

तेव्हापासून दोघी एका घरात गप्प आहेत. मला न धुताच माळ्यावर फेकलं. पण माझ्या दांड्याच्या बेचक्यात, सुकल्या गिलाव्याखाली, एक तांबडा पोपडा अडकलाय, करंगळीच्या पेराएवढा. कुणीतरी मला खाली काढा. धुऊ नका. आधी साळूबाईला दाखवा.