दगडाला पारदर्शक करणारी काच

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. एका मावशीची गोष्ट सांगते. मी एक जुनी, जाड काच आहे. भट्टीत वितळले, सपाट झाले आणि दगड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आले. माझ्यावर पाणी आणि खरखरीत पूड टाकून मावशी दगडाची चकती घासत असे, थेट उजेड आरपार जाईपर्यंत. काम संपले की मला तान्ह्या बाळासारखे न्हाऊ घाली. देवाने मला त्या हातांत दिले, याहून मोठे भाग्य ते कोणते!

एकदा तिची भूगर्भशास्त्रज्ञ भाची धापा टाकत आली.

"मावशे, एवढाच तुकडा उरलाय गं! खणलेलं भोक ढासळलं. आम्लाचा थेंब टाकला की हा फसफसतो, म्हणून साहेब म्हणतात, साधा संगमरवर. मी म्हणते, हा पृथ्वीच्या पोटातल्या तप्त रसातून थिजलाय. कार्बोनेटाइट!"

"बरं बाई, आधी श्वास घे. नाहीतर तूच थिजशील."

भाची हात धुवायला गेली. मावशी त्या तुकड्याची चकती घासू लागली, अधूनमधून ती सूक्ष्मदर्शकाखाली धरू लागली. नेहमीच्या दगडात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. ते करडे दिसले की चकती पुरेशी पातळ झाली असे समजून थांबायचे, हा तिचा नेम. आज करडे काही दिसेना.

"अजून जाडच आहे मेली," म्हणत ती घासत राहिली.

असेच चालले असते, तर तो एकुलता तुकडा विरूनच गेला असता. पण मित्रांनो, वर्षानुवर्षे झिजून मी मधोमध खोलगट झाले होते. त्यामुळे चकतीच्या कडा आधी विरल्या आणि ते पाहून मावशीचा हात थबकला. इतक्यात दारातून हाक आली, "अगं थांब! यात गार नसतेच. सांगायचंच राहिलं!"

"आता सांगतेस होय गं, शहाणे?"

मध्ये नखाएवढा भाग वाचला होता. भाचीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रंगीबेरंगी कणांत मधाच्या रंगाचा एक दाणा बसला होता. पायरोक्लोर, कार्बोनेटाइटात आढळणारे खनिज! साध्या संगमरवरात तो सहसा सापडत नाही.

"मावशे, तप्त रसातलाच गं हा!" म्हणत ती मावशीच्या गळ्यातच पडली.

आता मी फळीवर विसावले आहे. मित्रांनो, हाताखालच्या वस्तूंना धुऊन-पुसून ठेवत जा. त्या उपकार विसरत नाहीत. आणि पुस्तकात कधी दगडाच्या पोटातले रंगीत चित्र दिसले, तर शोध लावणारीचे कौतुक कराच; पण तो दगड घासणाऱ्या माझ्या मावशीचीही घडीभर आठवण काढा.