उरलेला घोट

मित्रांनो, मी चर्चमधला एक जुना प्याला आहे, चांदीचा. जुना म्हणजे किती, ते मात्र विचारू नका. मोजत कोण बसलंय? सोनाराने ठोकून ठोकून मला आकार दिला, तेव्हा मी चांगलाच बोंबललो होतो. पुढे प्रभुभोजनाचा द्राक्षारस, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीबरोबर घोटभर घेतात ती वाइन, घेऊन मी कितीतरी ओठांना लागलो. रविवारी मान, बाकीचे सहा दिवस कपाटातला अंधार. लोक मला पवित्र म्हणत, मीही मानून चाललो होतो. एका रविवारी मात्र माझी मतीच गुंग झाली.

मला घासूनपुसून ठेवायचे आमचे घंटाकाका. घंटा वाजवणं, झाडलोट, सगळं त्यांच्याकडे. एके काळी पिऊन पिऊन त्यांनी संसाराची माती केली होती. काकू माहेरी निघून गेल्या. काका चार वर्षं दारूपासून लांब राहिले, तेव्हा कुठे त्या परत आल्या. पण एक घोट जरी पोटात गेला तरी पुन्हा तोंड बघणार नाही, असं बजावूनच. म्हणून काका प्रभुभोजनात भाकर घ्यायचे आणि मी जवळ आलो की मान खाली घालायचे. मला वाईट वाटायचं, पण समजायचं.

आमची रीत अशी, की उरलेला द्राक्षारस ओतायचा नाही, कुणीतरी पिऊन संपवायचा. आमचे जुने धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, स्वतःच संपवायचे. नव्या पाळकसाहेबांना काकांचं कुणी सांगितलंच नाही. त्या रविवारी एका आजाऱ्याकडे जायच्या घाईत त्यांनी मला अर्धा भरलेला काकांच्या हातात दिला आणि तेवढं संपवून टाकायला सांगितलं. भिडेखातर काका 'हो साहेब' म्हणून बसले.

आता मागच्या खोलीत ते आणि मी. काकांनी मला उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"बापा, प्याला तुझा, सांगणारा पाळकही तुझाच. मग मला भीती का वाटते? धर मला," ते पुटपुटले.

मला तर काहीच कळेना. मी पवित्र ना? मग या भल्या माणसाचा घात माझ्यामुळेच व्हायचा? सांडून मोकळं व्हावं म्हटलं, तर प्याल्याला कधी आपणहून कलंडता आलंय? माझी कड त्यांच्या ओठाला टेकली.

तिथेच काका थांबले. मला दोन्ही हातांत धरून ते थेट अंगणात गेले. मंडळी गप्पा मारत उभी होती, काकूसुद्धा. पाळकसाहेब स्कूटर सुरू करत होते.

"साहेब, मला हे जमणार नाही. मी दारुडा होतो. एक घोट घेतला, तर परत होईन."

पाळकसाहेब खजील झाले. स्कूटर बाजूला लावून त्यांनी मला घेतलं आणि उभ्या उभ्या रिकामं केलं.

"चूक माझी, काका. मी आधी विचारायला हवं होतं."

काकू पुढे आल्या आणि रुमालाने काकांचं कपाळ पुसू लागल्या. देवाने धरलं म्हणून वाचलो, असं काका त्यांना म्हणाले.

मित्रांनो, मी तर त्यांच्या हातातच होतो. खोलीत कुणी आलं नाही. दार काकांनीच उघडलं. मग देव होता कुठे? काकांच्या पायांत? की लाज सोडून खरं बोलणाऱ्या जिभेवर? डोकं खाजवावं, तर मला डोकंही नाही. काकांना मात्र तिळमात्र शंका नाही.

माझं मागणं एवढंच. मला खुशाल लखलखीत ठेवा, पण कुणाच्या हातात देण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि तो नको म्हणाला, तर त्याच्या वाट्याचा घोट तुम्ही घ्या.