शेळीचा खोकला

कळंबजवळच्या ज्या गावात शिवकन्या सून म्हणून आली, तिथं तिच्या सासूबाईंच्या शेळ्यांचं मोठं नाव होतं. काळ्याभोर, लांब कानांच्या उस्मानाबादी शेळ्या. सासूबाईंना, म्हणजे मथुराबाईंना, शेळी आजारी पडणार हे तिच्या चालण्यावरून आणि रवंथ करण्यावरून आधीच कळायचं. बायका लांबून विचारायला यायच्या. शिवकन्या कम्प्युटर शिकलेली. सासूबाईंचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून बायकांच्या ग्रुपवर टाकलं तर त्यांच्या खेपा वाचतील, असं तिच्या मनात आलं. मथुराबाई आधी लाजल्या. मग अशा रंगल्या, की त्यांना थांबवावं लागायचं.

अडचण होती गिरणीची. गोठ्याला लागूनच पिठाची गिरणी, आणि दिवसभर तिची घरघर. घरात बसून बोलावं, तर शेळ्या समोर नसल्या की मथुराबाईंना शब्दच सुचत नसत. ग्रुपवरच्या बायका म्हणायच्या, मावशींचं अर्धं बोलणं पिठात जातं.

शिवकन्यानं मग शोध सुरू केला. आवाज कापायजोडायचं सॉफ्टवेअर तिच्याकडं होतं. त्याला जोडता येतील असे गोंगाट कमी करणारे छोटे प्रोग्राम, प्लगइन, इंटरनेटवर मिळत होते. ओपन-सोर्स, म्हणजे कुणीतरी मन लावून लिहिलेले आणि सगळ्यांना मोकळे ठेवलेले. तिनं तीन उतरवून घेतले. दुपारची कामं उरकली, की एकच तुकडा तिन्हींतून काढून हेडफोन लावून ऐकत बसायची.

पहिल्याला आधी नुसती गिरणी ऐकवावी लागे. मग तो तेवढा आवाज वजा करी. गिरणी जायची, पण मथुराबाई रांजणात तोंड घालून बोलल्यासारख्या वाटायच्या. जोर कमी केला, की गिरणी परत हजर. दुसरा साधा होता. खालच्या पट्टीतला जाड आवाज तो कापून टाकायचा. घुमणं थांबायचं, वरची किरकिर तशीच राहायची. तिसऱ्यानं मात्र तिला खूश केलं. हजारो माणसांचे आवाज ऐकवून त्याला तयार केलं होतं. माणसाचा आवाज तो बरोबर निवडायचा, बाकीचं फेकून द्यायचा. मथुराबाई अगदी कानाशी बसून बोलताहेत असं वाटलं. शिवकन्याच्या नवऱ्यानं, कुलदीपनं, ते ऐकलं आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं. आईचा आवाज इतका गोड आहे हे आजवर लक्षातच आलं नव्हतं, म्हणाला.

त्या आठवड्याचा विषय होता खोकला. धुळीचा कोरडा खोकला कसा, आणि छातीत बिघाड झाल्याचा ओला खोकला कसा, हे मथुराबाईंनी शेळ्यांजवळ फोन धरून समजावलं होतं. शिवकन्यानं सगळं तिसऱ्या प्लगइनमधून काढलं, सुरुवातीचं थोडं ऐकलं आणि पाठवून दिलं. ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी उमरग्याकडून ग्रुपमधल्या सिद्धम्माचा फोन आला. तिच्याकडंही शेळ्या होत्या, आणि त्यातली एक खोकत होती.

"आवाज लई साफ आलाय, ताई," ती म्हणाली. "पण मावशी म्हणतात, आता ऐका. मग काहीच न्हाय. पुन्हा म्हणतात, कळला का फरक? कशातला फरक, ते कळंना."

शिवकन्यानं फोन ठेवून पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं. खरंच, दोन्ही ठिकाणी शांतता होती. प्लगइननं खोकला गोंगाट म्हणून पुसून टाकला होता. तिला आधी ओशाळल्यासारखं झालं, मग हसू फुटलं. गोठ्यात जाऊन तिनं सासूबाईंना घडलेलं सांगितलं. मथुराबाई चारा टाकता टाकता थांबल्या.

"त्यानं माणसंच ऐकली असतील गं," त्या म्हणाल्या. "शेळ्यांची वळख कुणी करून दिली न्हाय त्याला."

शिवकन्या पुन्हा बसली. बोलणं तिसऱ्यातून काढलं आणि खोकल्याचे तुकडे नुसत्या दुसऱ्यातून. जोडल्यावर नवीच पंचाईत. बोलताना गिरणी गायब, खोकल्याबरोबर एकदम हजर. कान दचकायचा. मग तिनं बोलण्याखालीही मूळ आवाज थोडा मिसळला. गिरणी लांब, वेशीबाहेर गेल्यासारखी मंद ऐकू येऊ लागली, आणि त्यावर मथुराबाईंचा शब्द न् शब्द कळत होता. पहिला प्लगइन तिनं बाजूलाच ठेवला. ग्रुपवर झाली चूक तिनं सरळ सांगितली आणि नवं रेकॉर्डिंग पाठवलं. ते पाठवायच्या आधी मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

सिद्धम्मानं ते आपल्या शेळीजवळ उभं राहून ऐकलं. खोकला ओला होता. तिनं त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, औषध सुरू झालं, आणि शेळी पुन्हा चाऱ्याला तोंड लावू लागली.

पुढच्या महिन्यात सिद्धम्मा एसटीनं स्वतःच आली. मथुराबाईंना मावशी म्हणून वाकून नमस्कार केला आणि सरळ गोठ्यात शिरली. तिच्या बोलण्यात मधेच कानडी यायचं, मथुराबाईंचं आपलं गावरान. पण दात बघून एका करडाचं वय ठरवताना दोघींची अशी जुंपली, की उन्हं उतरली तरी उठायचं नाव नाही. शिवकन्यानं रेकॉर्डिंग चालू करून फोन खुंटीला अडकवला आणि चहा टाकायला आत गेली.