गंगूबाईच्या नाचणीची चोर

मी माकडीण बोलतेय. हो हो, तीच, लाल तोंडाची! मुठा खोऱ्यातल्या डोंगरावर जन्मले, तिथंच म्हातारी झाले. नाक मुरडू नका. कौलं फोडते, वाळवणं पळवते, सगळं खरं. पण आज मला एका बाईचे उपकार सांगायचेत.

डोंगरउतारावर गंगूबाईची नाचणी असायची. कणसं भरली की आमची टोळी उतरायची आणि ही बाई गोफण घेऊन मागं लागायची. काय तिच्या शिव्या! "तुझा मुडदा बशिवला गं!" ते ऐकत ऐकत मी दोन्ही गाल भरून घ्यायची. तिच्या घरच्या भाकरी त्याच नाचणीच्या, हे मला कुठं कळत होतं?

सत्त्याहत्तर साली गाव पार मेटाकुटीला आलं. सरपंच हैबतरावांनी माकडं धरणारा बोलावला. भिवाजी त्याचं नाव. "समद्यांस्नी ताम्हिणीच्या रानात सोडतो," असं तो म्हणाला आणि गावाचा जीव भांड्यात पडला. तरी मारुतीरायाची सेना हाकलतोय म्हणून लोकांनी देवळात नारळ फोडून माफी मागितली. भोळी माणसं! आणि मी त्यांच्याहून भोळी. पिंजऱ्यात गूळ-शेंगदाणे दिसले तशी पिल्लाला पोटाशी घेऊन सरळ आत शिरले. मागं दार खाडकन पडलं.

सकाळी टेम्पो आला. भिवाजी एकेकाचा जबडा उघडून बघायला लागला. माझे दात बघून खूश झाला आणि जोडीदाराला म्हणाला, "ही चांगली हाय. पोर तेवढं काढून टाक, पोर न्हाई चालत."

जोडीदार माझं पिल्लू ओढायला लागला. मी अशी किंचाळले की धुणं घेऊन चाललेली गंगूबाई जागीच थांबली.

"काय रं, दात कशाला बगतूयास?" तिनं विचारलं.

"म्हातारं जनावर सायेब माघारी धाडत्यात, मावशी."

"कंचं सायेब? बैल इकत घेताना दात बगत्यात. रानात सोडायला दात कशाला लागत्यात?"

भिवाजी गडबडला. शेवटी बोलला, "परदेशात जात्यात. त्यांच्यावर औषधं करून बगत्यात. माणसांचंच भलं हाय त्यात."

"आन् मंग माघारी कवा येत्यात?"

भिवाजी वळून पिंजरे टेम्पोत चढवायला लागला.

गंगूबाईनं धुण्याची पाटी खाली ठेवली आणि टेम्पोच्या पुढ्यात मांडी घालून बसली. "माझी चोर हाय ती! मी तिला धोंडे मारीन, शिव्या घालीन. पर लेकरू तोडून सुया टोचायला म्या न्हाई दिली!"

तिचा आवाज ऐकून शेजारची सारजाबाई आली, शेजारी बसली. मग आणखी बाया आल्या. हैबतराव धावत आले. "गंगू, ऊठ. नाचणी कोण राखंल? समदं पीक जाईल."

"मी राखीन. रानात माळा बांधून वर बसंन. पर देवाला काय सांगून नारळ फोडला तुमी, सरपंच? खोटंच न्हवं का?"

हैबतरावांची मान खाली गेली. मग ते भिवाजीला म्हणाले, "पिंजरे खाली उतरीव. आन् पुन्हा या वाटंला येऊ नगंस."

दार उघडलं. मी पिल्लाला घेऊन जी धूम ठोकली, ती डोंगर गाठूनच थांबले. देवा रे, काय सुटका ती!

त्या सुगीत गंगूबाई खरंच माळ्यावर बसून डबा बडवत राहिली. घसा बसला तिचा. आम्ही तरी थोडीफार कणसं खाल्लीच. पोटापुढं कुणाचं चालतं? पण गंगूबाई, तुझ्यामुळं माझं पोर वाढलं, त्याला पोरं झाली. तुझे उपकार मी कशानं फेडू गं?

पलीकडच्या डोंगरावरची टोळी भिवाजीनं आधीच नेली होती. त्यात माझी सख्खी बहीण होती, लेकुरवाळी. बायांनो, बाप्यांनो, आम्हाला खुशाल हाकला. पण कुणी न्यायला आला, तर कुठं नेतोयस एवढं त्याला विचारा. माझ्या बहिणीसाठी तेवढंही कुणी विचारलं नाही.