बुधाचा ठिपका

माझा नवरा लॅन्सी म्हणजे हट्टाचा मेरुमणी! दुबईपलीकडे रास अल खैमात टाइल्सच्या कारखान्यात इतकी वर्षं एकच काम. पट्ट्यावरून फरशी सरकते, तिच्यावर काळा ठिपका दिसला की बाजूला काढायची. हल्ली ठिपकेवाल्या फरश्या गिऱ्हाइकाकडून परत यायला लागल्या. मॅनेजर म्हणाला, डोळे दाखव. मीही तेच घसा फोडून सांगत होते. हा म्हणे, "तिथली लाइटच डिम आहे."

लाइट कसली डिम! वसईला त्याची आई शुगरने आंधळी झाली, शेवटी तिला घास हाच भरवायचा. भीती ती होती. मला काय कळत नव्हतं?

२०१९च्या नोव्हेंबरात बुध सूर्यासमोरून जाणार, हे आमच्या ॲनेटने शाळेतून आणलं. फोटोंची हौस लॅन्सीला पहिल्यापासूनच. म्हणाला, "मी फोटो काढतो, बुधही मीच शोधतो. नाही दिसला तर गुपचूप तुझ्या डॉक्टरकडे येईन. दिसला तर खलास! डोळ्यांचं नाव काढायचं नाही."

"बघू या," मी म्हणाले.

हाफ डे टाकून आला बिचारा. आम्ही समुद्रावर गेलो. कॅमेऱ्यावर सूर्यासाठीचा काळा फिल्टर लावला. फोकस ॲनेटने केला, बटण त्याने दाबलं. मग गाडीत बसून लॅपटॉपवर फोटो उघडला. स्क्रीनभर केशरी सूर्य, आणि वर डाव्या कडेजवळ तिळाएवढा बुध. मला तर चष्म्याशिवाय दिसला.

लॅन्सीने नाक स्क्रीनला टेकवलं. बराच वेळ शोधलं.

"हा बघ! सापडला!" त्याने बोट ठेवलं ते खाली, उजवीकडे. तिथे काहीच नव्हतं.

"बट डॅडा, इट्स नॉट..." मी ॲनेटला चिमटा काढला.

"बघितलंस, सुझे? म्हणे डोळे दाखव!" तो हसत सुटला. किती महिन्यांनी हसत होता माणूस! देवा, वाटलं, हो म्हणून टाकावं. काय बिघडतं? पण हो म्हटलं असतं तर उद्या हा पुन्हा त्या पट्ट्यासमोर उभा राहिला असता, आणि डॉक्टरचा विषय कायमचा मिटला असता.

मी त्याचं बोट धरलं. "तिथे काही नाही रे, लॅन्सी. इथे आहे." बोट वर, डावीकडे नेऊन टेकवलं.

"इथे?"

"हो."

त्याने बोट उचलून पाहिलं. पुन्हा वाकून पाहिलं. ॲनेट खिडकीबाहेर बघत होती. मला रडू आवरेना.

त्याने लॅपटॉप हळूच मिटला.

"उद्या आलो असतो गं डॉक्टरकडे," तो म्हणाला. "आज एक दिवस हो म्हणाली असतीस."