दोन बोटांची पट्टी

फ्रेमवाल्याच्या कामात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. तीस वर्षं चौकटी बांधून त्याची नजर अशी तयार झाली होती, की कागद केसभर तिरका असला तरी त्याला चैन पडायचं नाही. गिऱ्हाईक जे आणून देईल ते आधी काटकोनात आणायचं, मग पुढचं बोलायचं, असा त्याचा खाक्या.

म्हणूनच एका बाईंनी मुलीने काढलेलं चित्र आणून दिलं तेव्हा त्याने सवयीने उजवीकडची दोन बोटांची पट्टी कापून टाकली. चित्रात आई होती, बाबा होते आणि मधोमध भोपळ्याएवढं बाळ. कडेला नुसत्या काळ्या रेघोट्या. खडू चालतो का ते बघितलं असेल पोरीने, असं त्याला वाटलं.

शनिवारी बाई चित्र न्यायला आल्या. कडेवर बाळ, सोबत पाच वर्षांची मुलगी. बाई एकदम खूश. बैठकीतच लावू, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल, म्हणाल्या. मुलगी मात्र काचेला नाक लावून काहीतरी शोधत राहिली.

"मी कुठे गेले?" तिने विचारलं.

बाईंनी चित्र पुन्हा पाहिलं. आठवडाभर ते घरी कपाटाच्या दाराला चिकटवलेलं होतं, येता-जाता त्याचं कौतुक चाललं होतं, आणि लेक त्यात कुठे आहे हे त्यांनी एकदाही शोधलं नव्हतं.

कागद फाटका होता, अशी थाप मारून फ्रेमवाल्याला वेळ निभावून नेता आली असती. थापा मारण्यात तो काही कच्चा नव्हता. पण पोरगी त्याच्याकडेच बघत होती आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीच कापलं गं," तो म्हणाला. "मला वाटलं, नुसत्या रेघा आहेत."

"ते माझे केस होते."

पट्टी केव्हाच कचऱ्यात गेली होती. त्याने फ्रेम उघडली, चित्र काढून तिच्या हातात दिलं आणि खणातून एक काळा खडू शोधून दिला. मुलगी तिथेच फरशीवर बसली. बाईंनी वाकून चित्रातल्या आईच्या शेजारी बोट ठेवलं.

"इथे काढ ना, माझ्याजवळ."

मुलीने चित्राकडे पाहिलं, मग आईच्या कडेवरच्या बाळाकडे. रुसवा नाही, रडणं नाही.

"तिथे मी मावत नाही," ती म्हणाली आणि खडू कागदाच्या कडेला नेला.

बाई क्षणभर तशाच वाकून राहिल्या. मग सरळ झाल्या, बाळ फ्रेमवाल्याच्या हातात दिलं, "जरा धरा," म्हणाल्या आणि लेकीच्या शेजारी खाली बसल्या. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आत आलं. फ्रेमवाल्याने त्याला मानेनेच बाहेर थांबायला सांगितलं.